बाळ रडतं तेव्हा ऐकणाऱ्याला नेमकं काय कळतं?

रात्री अडीच वाजता तान्हं बाळ रडायला लागलं की घरात चार निदानं तयार होतात. आजी म्हणते पोट दुखतंय, बेंबीला हिंग लाव. आत्या म्हणते भूक लागलीय, पाज. आजोबा म्हणतात उकडतंय, पंखा वाढवा. संध्याकाळी पाहुणे येऊन गेले असतील तर दृष्ट आहेच. आणि बिचारी बाळंतीण सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते. ‘आईला बाळाचं रडणं बरोबर कळतं’ हे तिनं जन्मभर ऐकलेलं असतं, आणि इथं तर तिला काहीच कळत नसतं.

यात तिचं काही चुकत नाही. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, ओल्या लंगोटाचं वेगळं अशी यादी इंटरनेटवर जागोजागी सापडते. फोन बाळापुढे धरा, आम्ही रडण्याचा अर्थ सांगतो, असं म्हणणारी अ‍ॅप्सही आहेत. पण रडण्याच्या आवाजात ‘कारण’ असतं, हा समजच कच्च्या पायावर उभा आहे.

तो आला कुठून? १९६०च्या दशकात फिनलंड आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी बाळांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचे आलेख काढले. जन्मतानाचं रडणं, वेदनेचं, भुकेचं आणि खुशीतला आवाज असे चार प्रकार त्यांनी मांडले. हे आवाज नर्सबाईंना ऐकवले तेव्हा त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले. मात्र ऐकवलेले नमुने निवडक होते, त्या त्या प्रकारचे अगदी ठळक. पुढे १९७०च्या दशकात सरसकट नमुने घेऊन आयांना ऐकवले, बाळ दिसत नव्हतं, घड्याळ माहीत नव्हतं, तेव्हा कारण ओळखणं त्यांना जमेना.

२०२३ साली फ्रान्समधल्या सेंत-एतियेन इथल्या संशोधकांनी हा प्रश्न जवळजवळ निकालातच काढला. त्यांनी २४ बाळांच्या घरी ध्वनिमुद्रणाची यंत्रं ठेवली आणि पहिल्या चार महिन्यांत वेळोवेळी त्यांचे आवाज टिपले. ३९ हजारांहून अधिक रडणी गोळा झाली. बाळ कशामुळे रडत होतं आणि काय केल्यावर थांबलं, हे आईबाप लिहून ठेवत. मग संगणकाला शिकवलं, माणसांनाही ऐकवलं. कारण ना संगणकाला सांगता आलं, ना माणसांना. हे बाळ कोणतं आणि साधारण किती वयाचं, एवढं मात्र आवाजातून कळत होतं.

मग रडणं सांगतं तरी काय? तापाचं उदाहरण घ्या. थर्मामीटर १०२ दाखवतो तेव्हा शरीरात काहीतरी बिघडलंय आणि किती, हे कळतं. मलेरिया की टॉन्सिल, हे तो सांगत नाही. रडणंही तसंच आहे. त्रास किती, हे त्यात असतं. कशाचा, हे ऐकणाऱ्यानं आजूबाजूला बघून ठरवायचं असतं. शेवटचं दूध कधी प्यायलं, लंगोट ओला आहे का, झोप झाली का, किती हातांतून फिरून आलंय. आजीला ‘आवाजावरून’ कळतं असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिनं घड्याळाकडे, बाळाच्या मुठीकडे आणि पोटाकडे आधीच एक नजर टाकलेली असते.

त्रासाची ही पातळी आवाजात कशी उतरते, ते समजून घेण्यासारखं आहे. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा कंप पावतात, बाईचे २००च्या आसपास. नवजात बाळाचे रडताना ४०० ते ५०० वेळा. कारण ते तंतू जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांब असतात. मेंदूच्या देठापासून निघणारी व्हेगस नावाची नस हृदयाची गतीही सांभाळते आणि स्वरयंत्राच्या स्नायूंनाही हुकूम देते. बाळाला त्रास झाला की या नसेचा शांत ठेवणारा प्रभाव कमी होतो, हृदय जोरात धडधडतं, स्वरतंतू ताणले जातात आणि आवाज चढतो. फार दुखलं तर कंपनं हजाराच्याही वर उडी मारतात. शिवाय फुप्फुसातून हवा इतक्या जोरात येते की एवढेसे तंतू नीट लयीत हलू शकत नाहीत. आवाज चिरकतो, फाटतो, खरखरतो. बाळाच्या वेदनेची खरी खूण चढलेल्या सुरापेक्षाही या फाटण्यात जास्त असते.

ऐकायचं असेल तर दीड महिन्याच्या डोसाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा. पाचसहा बाळं आयांच्या मांडीवर असतात, एखादं आधीच कुरकुरत असतं. सेकंदभराचा सूर, छोटासा श्वास, पुन्हा सूर. प्रत्येक सूर थोडा चढतो आणि उतरतो. त्याला ताल असतो. तोंडात थेंब जातात तेव्हा हा ताल फारसा बिघडत नाही. मग सिस्टर मांडीत सुई टोचते. क्षणभर काहीच ऐकू येत नाही. तोंड आ वासलेलं, चेहरा लालबुंद, हनुवटी थरथरतेय, पण आवाज नाही. आणि मग एकदम टाहो. एका दमात, छातीतली सगळी हवा संपेपर्यंत. त्यानंतर पुन्हा शांतता, इतकी लांब की पहिलटकरणीचा जीव खालीवर होतो. मग घाईघाईचा श्वास आणि दुसरा टाहो, मध्येच चिरकलेला. ताल पार मोडलेला असतो. आईनं छातीशी धरल्यावर थोड्या वेळानं तो परत जुळायला लागतो, आणि ‘आता उतरलं’ हे पलीकडे बसलेल्या आशाताईला न बघता कळतं.

तिला कळतं, कारण तिनं असं रडणं शेकडो वेळा ऐकलंय. सेंत-एतियेनच्याच निकोला मातेव्हाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं. आंघोळ नको म्हणून रडणारी बाळं आणि इंजेक्शन टोचल्यावर रडणारी बाळं, असे दोन प्रकारचे आवाज त्यांनी लोकांना ऐकवले. ज्यांनी आयुष्यात तान्हं बाळ फारसं हाताळलेलं नव्हतं, त्यांची उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी आली. लहान मुलांचे आईबाप मात्र, कधी न ऐकलेल्या परक्या बाळाचं रडणंसुद्धा ओळखत होते. नोकरीनिमित्त बाळांमध्ये वावरणाऱ्यांना परक्या बाळांबाबत ते तितकंसं जमलं नाही. थोडक्यात, कान जन्मजात तयार नसतो, तो बाळ सांभाळून तयार होतो. ज्या बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात काही उमगत नाही, तिचा अभ्यासक्रम नुकता सुरू झालाय एवढंच.

तो अभ्यासक्रम बापालाही खुला आहे. २०१३ सालच्या एका अभ्यासात फ्रान्स आणि काँगोमधल्या आईवडिलांना पाच बाळांची रडणी ऐकवून आपलं बाळ ओळखायला सांगितलं. सरासरी ९० टक्के वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. जे वडील दिवसाचे चार तास किंवा जास्त बाळाबरोबर घालवत, ते आयांच्या तोडीस तोड निघाले. जे कमी वेळ देत, तेच मागे पडले. ‘पुरुषांना त्यातलं काय कळतं’ हे वाक्य आपल्याकडे बाप स्वतःच मोठ्या आनंदानं म्हणतात, कारण त्यानंतर उठावं लागत नाही.

ऐकणाऱ्याचा कान नेहमी प्रामाणिक असतोच असंही नाही. तीन महिन्यांच्या मुलाच्या आणि मुलीच्या रडण्याच्या पट्टीत फरक नसतो. तरी डेव्हिड रेबी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की मोठी माणसं खालच्या पट्टीतलं रडणं मुलाचं आणि वरच्या पट्टीतलं मुलीचं ठरवून टाकतात. रडणं तेच असलं, तरी ‘हा मुलगा आहे’ असं सांगितल्यावर पुरुष श्रोत्यांचा कल त्याला जास्त त्रास होतोय असं मानण्याकडे होता. प्रसूतिगृहात ‘मुलगा बघा, आवाज कसा खणखणीत!’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचायला हरकत नाही. आवाज तोच असतो, खणखणीतपणा आपण भरतो.

एक गोष्ट मात्र बाळ पोटातून शिकून येतं, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. जर्मनीतल्या कॅथलीन वेर्मके यांनी २००९ मध्ये ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांची रडणी तपासली. ही बाळं दोन ते पाच दिवसांची होती. फ्रेंच बाळांचा सूर खालून वर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा निघाला. त्या त्या भाषेची चालही साधारण तशीच आहे. गर्भात शेवटच्या तीन महिन्यांत आईचं बोलणं बाळाला ऐकू येतं. शब्द पुसट होतात, चाल पोचते. कल्पना मोहक आहे. पण पुढच्या काही संशोधकांना भाषेपेक्षा बाळाबाळातला फरकच मोठा दिसला, त्यामुळे मी हे ठाम सत्य म्हणून सांगणार नाही.

आता ऐकणाऱ्याच्या शरीरात काय होतं ते पाहू. रडण्याचा आवाज मेंदूच्या अगदी आतल्या, जुन्या भागात सुमारे ५० मिलिसेकंदांत पोचतो. ‘हे बाळ आहे’ असा विचार डोक्यात येण्याच्या कितीतरी आधी. अंगावर पाजणाऱ्या आयांना हे मेंदूच्या चित्रांशिवाय माहीत असतं. बसमध्ये दुसऱ्याच कुणाचं बाळ रडलं तरी पान्हा फुटतो. त्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आहे. उंदरांवरच्या २०२३ सालच्या प्रयोगात पिलांचं ओरडणं ऐकल्यावर माद्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन स्रवण्याचा मार्गच शास्त्रज्ञांना सापडला. गंमत अशी की ओरडणं अर्धा मिनिटभर टिकलं तरच ही यंत्रणा चालू होते. एखाद्या ‘च्यूं’ला ती दाद देत नाही.

आणि आया करतात काय? अर्जेंटिना, केनिया, जपान, इटली अशा ११ देशांतल्या ६८४ आयांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ रडल्यावर बहुतेकींनी एकच केलं. उचलून घेतलं आणि त्याच्याशी बोलल्या. खेळणं दाखवणं, मुका घेणं हे मागाहून. त्यात भारत नव्हता, पण ‘काय झालं माझ्या सोन्याला’ म्हणत पाळण्याकडे धावणाऱ्या बाईला हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल.

हा आवाज माणसापुरताही मर्यादित नाही. कॅनडातल्या संशोधकांनी कुरणात स्पीकर ठेवून हरणींना वेगवेगळ्या प्राण्यांच्या पिलांचं ओरडणं ऐकवलं. त्यात मांजराचं पिल्लू होतं, सीलचं होतं, माणसाचं बाळही होतं. आवाजाची पट्टी हरणाच्या पाडसाच्या जवळपास असली की हरणी स्पीकरकडे धावत येत. मोरोक्कोमधल्या एका मगरींच्या उद्यानात तर नाईल मगरींना माणसाच्या, चिंपांझीच्या आणि बोनोबो या चिंपांझीच्या जवळच्या वानराच्या पिलांची रडणी ऐकवली. आवाजातला त्रास जितका जास्त, तितक्या जास्त मगरी आवाजाच्या दिशेनं आल्या. माणसं आवाज किती चढलाय यावरून त्रास मोजतात आणि दुसऱ्या जातीच्या पिलाबाबत फसतात. मगरी आवाज किती फाटलाय याकडे लक्ष देतात, आणि तोच निकष जास्त पक्का आहे. त्या सांभाळायला आल्या की खायला, हा प्रश्न वेगळा. बहुतेक खायलाच.

घरातल्या रडण्याकडे परत येऊ, कारण एक गोष्ट प्रत्येक नव्या आईबापाला आधीच सांगून ठेवायला हवी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० आयांना रडण्याची रोजनिशी लिहायला लावली. निरोगी बाळांचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं, असं त्यातून दिसलं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा चढउतार पुन्हा पुन्हा दिसला आहे. शिखराच्या काळात दिवसाला दोन तासांच्या वर रडणं हे सर्वसाधारण आहे, आणि त्यातलं बरंचसं दुपारनंतर ते रात्रीपर्यंत असतं. तिन्हीसांजेला बाळ किरकिरतं आणि मग मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते, त्यामागे हेच वेळापत्रक आहे. दृष्ट काढल्यावर बाळ शांत होतं हेही खरं, पण तेव्हा ते कुणाच्या तरी खांद्यावर असतं आणि रात्र झालेली असते. मोहऱ्यांचा धूर मात्र त्याच्या नाकाशी नको.

हे शिखर काढायचं कसं? आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांमध्ये बाळ दिवसभर अंगावर असतं आणि मागेल तेव्हा पाजलं जातं. तिथली बाळंही तितक्याच वेळा रडतात, शिखरही येतं, फक्त प्रत्येक रडणं लवकर आटोपतं. मॉन्ट्रियलमध्ये १९८६ साली आयांना बाळ रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ, रडत नसतानाही, कडेवर ठेवायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात त्यांची बाळं ४३ टक्के कमी रडली. ‘सारखं घेऊ नका, सवय लागेल’ हा सल्ला त्यामुळे निदान पहिल्या तीन महिन्यांत तरी विसरलेला बरा. पण जी बाळं आधीच तासन्‌तास रडत होती, त्यांच्यावर हाच उपाय करून पाहिला तेव्हा फरक पडला नाही. काही बाळं काहीही केलं तरी रडतात. तेव्हा उपाय सापडत नाही म्हणून आपण वाईट आईबाप ठरत नाही. डोकं तापलं तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर उभं राहावं, दुसऱ्याला हाक मारावी. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

डॉक्टरांचा कान मात्र वेगळ्या गोष्टी ऐकतो. जन्मताच बाळ रडलं की सगळ्या खोलीला हायसं वाटतं, कारण रडणं म्हणजे फुप्फुसात हवा गेली. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या, आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या गुणांकनात खणखणीत रडण्याला श्वासाचेही गुण मिळतात आणि प्रतिसादाचेही. काही आजार तर आवाजातूनच पहिल्यांदा लक्षात येतात. थायरॉईड कमी असलेलं बाळ घोगऱ्या, जाड आवाजात रडू शकतं. मेंदूज्वर झालेलं किंवा मेंदूवर दाब वाढलेलं बाळ बारीक, टोकदार, एकसुरी किंचाळतं. पॅरिसच्या जेरोम लेजन यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या एका जनुकीय विकारात पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो आणि स्वरयंत्राची घडण बिघडल्यानं बाळ थेट मांजराच्या पिलासारखं रडतं.

पण सगळ्यात महत्त्वाचा निकष आपल्या गडचिरोलीतून आला. १९९०च्या दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळं तपासायचं शिक्षण दिलं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. हॉस्पिटल नाही, प्रयोगशाळा नाही, तेव्हा जंतुसंसर्ग ओळखायचा कसा? त्यांनी काढलेल्या सात लक्षणांमध्ये दूध ओढणं कमी होणं होतं, हातपाय ढिले पडणं होतं, आणि ‘रडणं क्षीण झालं किंवा थांबलं’ हेही होतं. यातली दोन लक्षणं एकदम दिसली की उपचार सुरू. या घरपोच सेवेमुळे त्या गावांमधले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

म्हणजे जोरजोरात रडणाऱ्या बाळापेक्षा, काल जोरात रडणारं आणि आज नुसतं कण्हणारं बाळ जास्त काळजीचं. ‘आजचं रडणं कालच्यापेक्षा वेगळं आहे का?’ हे काल ऐकलेल्या माणसालाच सांगता येतं, डॉक्टरांना नाही. तेव्हा आई किंवा आजी ‘आज याचा आवाज वेगळाच वाटतोय’ म्हणाली तर तिला उडवून लावू नये. त्याच्या जोडीला दूध पिणं कमी झालं असेल, बाळ सुस्त असेल, अंग गार पडलं असेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल, तर सकाळची वाट न बघता निघावं. आणि निघायच्या आधी मोबाईलवर मिनिटभर रडणं रेकॉर्ड करून घ्यावं. रिक्षात बसलं की बाळ हटकून गप्प होतं आणि डॉक्टरांसमोर छान हसतं.